टोकियो (निशी-कासाई): घराचा पत्ता हातात असूनही घर सापडत नाही, पत्ता वाचायचा कसा?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. निशी-कासाईत नुकतंच बिऱ्हाड केलंय. दोघं मोठे, आठ वर्षांची मुलगी. जपानी वाचता येत नाही. अडचण अशी की रस्त्यांना नावंच नाहीत. पत्ता ६-१२-४ अशा आकड्यांचा, आणि ४ नंबरच्या शेजारी ५ असेलच असं नाही. फोनवरचा नकाशा गल्लीपर्यंत नेतो आणि तिथे सोडून देतो. स्टेशनातून बाहेर पडताना तर रोज चुकामूक होते. नुसतं घर-ऑफिस-घर न करता परिसर पायी बघायचाय, पण मुलगी सोबत असताना भरकटायची धास्ती वाटते. सुरुवात कुठून करावी?

चौकोनी_गाव:
सगळ्यात आधी रस्ता शोधणं सोडा. इथल्या पत्त्यात रस्ता नसतोच, जमिनीचे तुकडे असतात. ६-१२-४ मधला ६ म्हणजे 'चोमे', म्हणजे त्या भागाचा सहावा विभाग. १२ म्हणजे त्या विभागातला ठोकळा, चारी बाजूंनी रस्ते असलेला घरांचा एक पुंजका. शेवटचा ४ म्हणजे 'गो', घराचा क्रमांक. म्हणून आधी सहावा चोमे, मग त्यातला बारावा ठोकळा, आणि मग त्या ठोकळ्याभोवती एक चक्कर, असा क्रम ठेवा.

१९६२ च्या कायद्यानुसार जिथे नव्याने क्रमांक दिले, तिथे ठोकळ्याच्या एका कोपऱ्यापासून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने कडेची ठरावीक अंतरावर विभागणी केलेली असते. घराचा मुख्य दरवाजा ज्या भागात उघडतो, त्या भागाचा आकडा त्या घराला मिळतो. त्यामुळे दोन चिंचोळ्या घरांचा नंबर एकच असू शकतो, आणि मोठी इमारत असेल तर मधले आकडे गायब होतात. आकडा सापडला तरी दारावरची नावाची पाटी किंवा इमारतीचं नाव बघावं लागतं ते यासाठी. इमारतीच्या नावाशिवाय पार्सल परत जाऊ शकतं, म्हणून पत्ता देताना ते आणि खोली क्रमांक कधीही गाळू नका.

विजेच्या खांबांवर आणि कोपऱ्यावरच्या भिंतींवर हिरव्या किंवा निळ्या पाट्या असतात, त्यांवर चोमे आणि ठोकळा लिहिलेला असतो. गोंधळलात की नकाशा बाजूला ठेवून दोन-तीन पाट्या वाचा. आकडे वाढतायत की कमी होतायत, एवढ्यावरून दिशा कळते. जुन्या वस्त्यांमध्ये मात्र जमिनीच्या नोंदणीचे 'बान्ची' क्रमांक चालतात. तिथे १५ च्या शेजारी ८२ असू शकतो, तेव्हा सरळ विचारा.

क्योटोची रीत याहून वेगळी आहे. तिथे दोन रस्त्यांचा चौक सांगतात आणि पुढे 'आगारु' म्हणजे उत्तरेकडे, 'सागारु' म्हणजे दक्षिणेकडे असं जोडतात. तिकडे गेलात तर टोकियोची सवय उपयोगी पडणार नाही.

फलाट_क्र_२:
+१. आता रेल्वेबद्दल. तोझाई लाइनवर, म्हणजे निशी-कासाईवरून जाणाऱ्या मेट्रोवर, नवीन माणूस हमखास फसतो तो 'कायसोकु', म्हणजे जलद गाडीमुळे. निहोनबाशीकडून, म्हणजे शहराच्या मध्यभागातून येताना ती तोयोचोपर्यंत सगळी स्टेशनं घेते, आणि मग मिनामी-सुनामाची, निशी-कासाई, कासाई तिन्ही सोडून थेट उरायासूला थांबते. तुमचं स्टेशन टी-१६, उरायासू टी-१८. नाव वाचता आलं नाही तरी अक्षर आणि आकडा बघा, हे क्रमांक फलाटावर ठळक असतात. चुकून जलद गाडीत चढलात तर तोयोचोला उतरून मागच्या धीम्या गाडीने या. उरायासूला पोहोचलाच असाल तर जिना उतरून समोरच्या फलाटावर जा आणि नाकानोकडे (लाइनच्या पश्चिम टोकाकडे) जाणारी धीमी गाडी धरा. मात्र तीही कायसोकु नाही ना, ते बघा! गेटबाहेर पडू नका, म्हणजे प्रवासाच्या कार्डातून चढलेल्या आणि शेवटी उतरलेल्या स्टेशनांमधलंच भाडं कापलं जाईल.

उशिरा रात्री काही गाड्या तोयोचोलाच संपतात. तिथून पुढे निशी-कासाई रुळानेच जवळपास ४ किलोमीटर, आणि मध्ये आराकावा नदी. म्हणून गाडीवरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा. रात्री १० ते पहाटे ५ टॅक्सीचं भाडं २० टक्के जास्त असतं.

स्टेशनातून बाहेर पडायचं तर पिवळ्या पाट्या बघा. ओतेमाची या मोठ्या स्टेशनात पाच लाइनी जमिनीखाली एकत्र येतात. तिथे चुकीच्या दाराने वर आलात तर बरंच चालावं लागतं. म्हणून निघण्यापूर्वीच दार ठरवा, उदा. 'बी२'. जमिनीखाली फोनवरचा ठिपका भरवशाचा नसतो. 'आधी वर जाऊ, मग बघू' असं कधीच करू नका.

उत्तर_कुठे:
एक गोष्ट राहिली. रस्त्यावरच्या आणि स्टेशनाबाहेरच्या फलकांवरच्या नकाशात पुष्कळदा उत्तर दिशा वर नसते. तुम्ही ज्या दिशेला तोंड करून उभे आहात, ती दिशा वर असते. शाळेपासून आपल्याला उत्तर वर बघायची सवय, म्हणून नेमके उलट निघतो. आधी 'गेन्झाइची', म्हणजे 'तुम्ही इथे आहात' ही लाल खूण शोधा, मग उत्तरेचा बाण.

इमारतीतही तेच. इथे जमिनीलगतचा मजला म्हणजे पहिला. '३एफ' लिहिलं असेल तर तो आपल्याकडचा दुसरा मजला.

आणि दिशांची चार अक्षरं शिकाच. तोझाई या नावातच पूर्व आणि पश्चिम ही दोन अक्षरं आहेत, रोज डोळ्यांसमोर असतात. निशी म्हणजे पश्चिम, म्हणून निशी-कासाई हे कासाईच्या पश्चिमेचं स्टेशन. उत्तर (किता) आणि दक्षिण (मिनामी) तुमच्याच स्टेशनाच्या दोन दारांवर लिहिलेली आहेत.

पाऊलवाट:
खूप आभार! खांबावरच्या पाट्या आज पाहिल्या, बारावा ठोकळा पाच मिनिटांत सापडला. आता मुलीसोबत कुठे फिरावं?

नदीकाठ:
तुमच्या परिसरात हरवणं फार सोपं नाही. तोझाई लाइन तिथे पुलावरून पूर्व-पश्चिम धावते. पश्चिमेला आराकावा, पूर्वेला जुनी एदो नदी, दक्षिणेला समुद्र. उत्तर सोडून कुठल्याही दिशेला निघा, या चारांपैकी एक लागतेच, आणि पूल दिसला की त्याच्या कडेने स्टेशन. उत्तरेला फुनाबोरीचा ११५ मीटरचा मनोरा ही आणखी एक खूण.

पहिल्या रविवारी एकच स्टेशन पुढे, कासाईला गाडीने जा. तिथे पुलाखाली मेट्रोचं संग्रहालय आहे, मुलीला आवडेल. परत येताना पुलाच्या कडेने चालत या. पुढच्या वेळी फुरुकावा शिन्सुई कोएन. १९७३ मध्ये खुला झालेला, जपानमधला अशा प्रकारचा पहिला जलउद्यान-मार्ग. गटारासारख्या झालेल्या ओढ्यात स्वच्छ पाणी सोडून त्याच्या काठाने चालायची वाट केली आहे. पाण्याच्या कडेने चालत राहिलं की वाट चुकत नाही. कासाई-रिन्काई-कोएन हे समुद्राकाठचं स्टेशन मात्र वेगळ्या, केइयो लाइनवर आहे. नावात कासाई असलं तरी तोझाईची गाडी तिथे जात नाही.

मुलीच्या दप्तरात घराचा पत्ता जपानी लिपीत लिहिलेली चिठ्ठी ठेवा; रोमन अक्षरं वाचून पत्ता शोधणं इथल्या माणसालाही जड जातं. तुमचं झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, कायम जवळ हवं, सोळा वर्षांवरच्यांना ते बंधनकारक आहे. चुकामूक झालीच तर 'कोबान', म्हणजे पोलीस चौकी गाठा. भिंतीवर त्या भागाचा तपशीलवार नकाशा असतो आणि वाट सांगणं हे त्यांचं रोजचं काम. 'सुमिमासेन, कोको वा दोको देस का' म्हणत चिठ्ठी पुढे करा. आणीबाणीत पोलीस ११०, रुग्णवाहिका ११९.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. एदोगावा वॉर्डची, म्हणजे निशी-कासाई ज्यात येतं त्या वॉर्डची, सुमारे ७० टक्के जमीन भरतीच्या वेळी समुद्रपातळीच्या खाली असते. वॉर्डने २०१९ मध्ये पुराचा नकाशा घरोघरी वाटला, त्यात मोठ्या पुराआधी वॉर्डाबाहेर जायला सांगितलंय. तो वॉर्ड ऑफिसातून घ्या. फिरायला निघाल तेव्हा घरापासून जवळची उंच पक्की इमारत आणि तुमचं निवाऱ्याचं ठिकाण पायी जाऊन बघून या, एकदा दिवसा आणि एकदा अंधारात.