सीएनसी लेथवर रेडियसचा प्रोग्राम: आकडे बरोबर असूनही रेडियस लहान का येतो?

प्रश्न (नवशिका टर्नर)

मी सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) लेथचे प्रोग्रामिंग नुकतेच शिकू लागलो आहे. सरळ टर्निंग (व्यास कमी करणे) आणि फेसिंग (जॉबचा पुढचा पृष्ठभाग सपाट करणे) जमते, परंतु रेडियसपाशी अडतो. ४० मिमी व्यासाच्या जॉबच्या पुढच्या कोपऱ्याला बाहेरून ५ मिमीचा रेडियस हवा आहे. फेस मारून झाल्यावर मी असे लिहिले (जी०१ म्हणजे सरळ चाल, जी०२ आणि जी०३ म्हणजे गोल चाली; एक्स व्यासाच्या दिशेने, झेड लांबीच्या दिशेने, आर म्हणजे रेडियस):

जी०१ एक्स३० झेड०
जी०३ एक्स४० झेड-५ आर५
जी०१ झेड-३०

अलार्म येत नाही, व्यास आणि लांबी मापात येतात, पण ५ मिमीचे रेडियस गेज कोपऱ्यावर बसत नाही. रेडियस लहान येतो. इन्सर्टचा (टूलच्या कापणाऱ्या तुकड्याचा) नोज रेडियस, म्हणजे टोकाची गोलाई, ०.८ आहे. शिवाय जी०२ केव्हा आणि जी०३ केव्हा, हे पाठ न करता कसे ठरवावे?

उत्तर १

आपले बिंदू अचूक आहेत. एक्स व्यासात आणि आर त्रिज्येत लिहितात, म्हणून ५ च्या रेडियससाठी एक्समध्ये १० चा आणि झेडमध्ये ५ चा फरक पडतो. तो आपण बरोबर धरला आहे.

चूक इन्सर्टच्या टोकाची आहे. आपण टूल सेट करतो तेव्हा एक्स आणि झेड यांची मापे इन्सर्टच्या दोन बाजूंना धरून घेतो आणि त्या जिथे छेदतात ते काल्पनिक टोक मशीन चालवते. प्रत्यक्षात तिथे धातूला लागणारे काहीच नसते, कारण कोपरा ०.८ ने गोल असतो. सरळ व्यासावर आणि फेसवर याचा परिणाम दिसत नाही, टेपर आणि रेडियसवर मात्र माल शिल्लक राहतो. म्हणूनच आपल्या जॉबवर ५ वजा ०.८, म्हणजे ४.२ चा रेडियस येत असणार. भरपाई हाताने करायची असेल तर आर५.८ धरावा: सुरुवात एक्स२८.४ झेड०, शेवट एक्स४० झेड-५.८.

दिशेसाठी कागदावर झेड उजवीकडे आणि एक्स वर असा आकार काढून टूल ज्या दिशेने जाते तसे बोट फिरवावे. घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरले तर जी०२, उलट फिरले तर जी०३. टरेट (टूल धरणारा भाग) पुढे, ऑपरेटरच्या बाजूला असलेल्या मशीनवरही हाच कागद पाहावा. तिथे मशीनकडे पाहून दिशा ठरवली तर ती उलटी वाटते.

उत्तर २

वरील हिशेब समजून घेण्यासाठी उत्तम आहे, पण रोजच्या कामात मी तो सुचवणार नाही. इन्सर्ट बदलून ०.४ चा लावला की सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात. प्रोग्राममध्ये ड्रॉइंगचेच आकडे ठेवावेत आणि नोज रेडियस कॉम्पेन्सेशन (टोकाच्या गोलाईची भरपाई कंट्रोल स्वतः करतो ती सोय) वापरावे: बाहेरून चककडे (जॉब धरणाऱ्या भागाकडे) जाताना जी४२, बोअरमध्ये (आतल्या भोकात) चककडे जाताना जी४१. ऑफसेटच्या (टूलची मापे भरण्याच्या) पानावर त्या टूलसमोर आर ०.८ आणि टोकाची दिशा टी ३ भरलेली हवी. बोअरिंग बारसाठी ती सहसा २ असते. नवशिक्यांकडून नेमकी हीच टी राहून जाते आणि जॉब बिघडतो. जी४२ सरळ चालीत, जॉबपासून दूर आणि नोज रेडियसपेक्षा जास्त अंतर राखून चालू करावे, तसेच जॉबपासून बाहेर पडताना जी४० ने बंद करावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ३० व्यासावरून झेड-२० च्या शोल्डरकडे (व्यास जिथे वाढतो त्या पायरीकडे) जाताना आतल्या कोपऱ्यात ५ चा रेडियस असेल, तर?

उत्तर १

तिथे वक्रता आत वळते, म्हणून जी०२ येतो: सुरुवात एक्स३० झेड-१५, शेवट एक्स४० झेड-२०, आर५. कॉम्पेन्सेशनशिवाय इथे उलट घडते, रेडियस ५.८ येतो, हाताने हिशेब करायचा तर आर४.२ धरावा लागतो. इन्सर्टच्या नोज रेडियसपेक्षा लहान रेडियस आतल्या कोपऱ्यात कोणत्याच युक्तीने निघत नाही, म्हणून इन्सर्ट निवडण्यापूर्वी ड्रॉइंगवरचा सर्वांत लहान आतला रेडियस पाहावा.

उत्तर ३

आरऐवजी आय आणि के वापरायचे झाल्यास ते सुरुवातीच्या बिंदूपासून रेडियसच्या केंद्रापर्यंतचे अनुक्रमे एक्स आणि झेड दिशेतले अंतर असते, चिन्हासह. आपल्या पहिल्या उदाहरणात आय० के-५, दुसऱ्यात आय५ के०. एक्स व्यासात असला तरी आय त्रिज्येतच लिहावा; तो दुप्पट लिहिला तर सुरुवात आणि शेवट केंद्रापासून सारख्या अंतरावर राहत नाहीत आणि फानुक कंट्रोल ०२० क्रमांकाचा अलार्म देतो. आरने असा तपास होत नाही, म्हणून शिकत असताना मी आय-के लिहून पाहण्याचा आग्रह धरीन.