माझदा १३बी रोटरी विमानाला लावतोय: रिडक्शन गिअरबॉक्स घरी करावा का?

अंबडकर:
नमस्कार मंडळी. अंबड एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं शेड आहे. चार वर्षांपासून दोन सीटचं विमान बांधतोय. माझदाच्या आरएक्स-७ गाडीतलं १३बी रोटरी इंजिन मिळालंय. त्यात पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरतात: ६५४ सीसीचे दोन रोटर, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. रविवारी खोललं. एपेक्स सील (रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्या) स्टीलच्या ताटात ओळीनं मांडली आणि एकेकीवरून नख फिरवलं. एकीच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढा टवका उडालाय, त्यामुळे सगळी नवीनच टाकणार.

अडलंय ते इंजिनाचा वेग प्रॉपेलरसाठी कमी करणाऱ्या रिडक्शन गिअरबॉक्सवर. इंजिन ६००० आरपीएमला चालवायचं, तर २.८५ च्या रिडक्शननं प्रॉपेलर २१०० च्या आसपास येतो. ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समधला प्लॅनेटरी सेट (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) आणतोय. हाउसिंग आणि शाफ्ट मीच करू का? मशीन घरचंच आहे.

ओझरचे काका:
भाऊ, शाफ्ट तुम्ही कराल. पण आधी तेलाचं बघा. माझी सगळी नोकरी इंजिन ओव्हरहॉलमध्ये गेली, म्हणून कळकळीनं सांगतो. रोटरीत तेल नुसतं वंगण नाही. रोटरच्या पोटातली उष्णता तेच उचलतं. कूलिंगनं काढायच्या एकूण उष्णतेपैकी जवळपास तिसरा हिस्सा. ऑइल कूलर लहान पडला, तर पाण्याचा काटा जागेवर असेल आणि आत रोटर भाजत असेल.

पाणी तापलं तरी सुटका नाही. रोटर हाउसिंग अॅल्युमिनियमचं, बाजूच्या प्लेटा बिडाच्या. दोन्ही सारख्या फुगत नाहीत. मधल्या ओ-रिंगा जळतात आणि पाणी चेंबरमध्ये शिरतं. मे महिन्याच्या दुपारी टेक-ऑफसाठी दहा मिनिटं ताटकळावं लागलं तर? रेडिएटरचा हिशोब त्या दहा मिनिटांवर करा.

आणि सील वंगणावाचून ठेवू नका. गाडीत मीटरिंग पंप चेंबरमध्ये थोडं तेल सोडतो. तो काढणार असाल तर पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळा, लिटरला साधारण ८ मिली. पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉलचं आहे, त्याला चालतील असेच होज आणि सील घ्या.

सिन्नर फाटा:
काकांशी सहमत. गिअरबॉक्सबद्दल माझा अनुभव लिहितो. मी कारचं इंजिन मोटार ग्लायडरला जोडलं होतं, कपलिंग एकदम कडक. आयडलला आतून खडखड यायची, मी दुर्लक्ष केलं. अकरा तासांनी उघडलं तर पिनियनच्या (छोट्या गिअरच्या) दातांवर खड्डे. या दोन रोटरच्या इंजिनात इसेंट्रिक शाफ्टच्या (मुख्य शाफ्टच्या) एका फेऱ्यात ज्वलनाचे दोन ठोके येतात, चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोकइतकेच. पुढे जड प्रॉपेलर, मागे हे ठोके, मधे दात. ठोके शोषून घेणारी रबर किंवा स्प्रिंगची डॅम्पर प्लेट हवीच. ज्या आरपीएमला थरथर येते तिथे थांबू नका, आयडल त्याच्या वर ठेवा.

अंबडकर:
काका, दादा, मनापासून आभार. मग गिअरबॉक्स थांबवतो. आधी टेस्ट स्टँड. तेल आत जाताना, बाहेर येताना आणि पाण्याच्या दोन्ही तोंडांना थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर) लावतो, आणि इंजिनावर भार टाकून भर दुपारी चालवतो. दोन्ही रोटरांना दोन-दोन स्पार्क प्लग आहेतच, एक लीडिंग आणि एक ट्रेलिंग. दोन्हींच्या कॉइलना वेगवेगळ्या बॅटऱ्या देणार आहे. डीजीसीएच्या (विमान वाहतूक नियामकाच्या) कागदांचं त्यानंतर.

काका, रविवारी शेडवर याल का? ऑइल कूलर फायरवॉलच्या (इंजिन आणि कॉकपिटमधल्या भिंतीच्या) डाव्या बाजूला धरलाय. टाइट करण्याआधी तुमची नजर फिरायला हवी.