इदिल बिरेतला ऐकायचं तर सुरुवात कुठून?

सूरवेडा: तुर्कीची पियानिस्ट इदिल बिरेत, हिच्यासाठी म्हणे संसदेने कायदाच केला होता, खरंय का? आणि ऐकू काय आधी?

काळीपांढरी: खरंय की. १९४८ साली. जन्म १९४१चा, अंकाराची, म्हणजे एवढीशी पोर आणि तिला नि सुना कान नावाच्या व्हायोलिनवालीला परदेशी शिकायला पाठवायला खास कायदा, मग पॅरिसला नादिया बुलांजे या नामांकित संगीतशिक्षिकेकडे शिकली, अकरा वर्षांची असताना विल्हेल्म केम्प्फ या जर्मन पियानिस्टसोबत मोत्झार्टचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो (ऑर्केस्ट्राच्या साथीने वाजवायची रचना), तोही स्टेजवर!

मध्यसप्तक: नॅक्सॉस या रेकॉर्ड कंपनीसाठी तिने संगीतकार शोपँचं पियानोसंगीत अख्खं वाजवलंय, मला जरा कोरडं वाटतं. त्यापेक्षा तिने वाजवलेल्या बीथोवनच्या नऊ सिम्फनी (ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) ऐक, संगीतकार लिस्टने पियानोवर उतरवलेल्या, सगळा ऑर्केस्ट्रा दहा बोटांत.

सूरवेडा: डायरेक्ट नववीच लावतो मग.