मदत हवी आहे: मुलाखतीच्या ब्लेझरवर इस्त्रीची चमक

नेव्ही ब्लू ब्लेझर, लेबलवर ६५% पॉलिएस्टर आणि ३५% व्हिस्कोस. बाहेरून इस्त्री करून आल्यावर लॅपेलच्या (कॉलरखाली छातीवर दुमडलेल्या पट्ट्यांच्या) कडा आणि खिशांच्या झाकणांवर चमक दिसतेय. जिथे कापडाचे थर एकावर एक आहेत नेमके तिथेच दाब जास्त पडलाय. कापड जळलेलं नाही, हाताला कडकही लागत नाही. घरातल्या दिव्यात कळत नाही, पण खिडकीपाशी उभं राहिलं की लगेच नजरेत येतं.

करून पाहिलेलं: ओलसर सुती कापड मध्ये ठेवून इस्त्री न टेकवता नुसती वाफ दिली, कापड गरम असतानाच मऊ ब्रशने घासलं. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन टिपलं, पुन्हा वाफ दिली. खिशांवर बराच फरक पडला, लॅपेलवर जवळजवळ नाही. लॅपेलच्या आत चिकटवलेलं अस्तर असतं, जास्त वाफेने ते सुटून फुगे येतात, म्हणून तिथे हात आखडता घेतला आहे. लोकरीचे तंतू वाफेने पुन्हा उभे राहतात. पॉलिएस्टर वितळून चपटं झालं असेल तर ते परत येत नाही, हे माहीत आहे.

मुलाखत प्रत्यक्ष आहे, लेखापाल पदासाठी. नवा ब्लेझर शिवून घेण्याइतका वेळ नाही. ग्रे फॉर्मल पँट, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळे लेसचे बूट आणि टाय तयार आहेत.

लॅपेलचं अस्तर न सुटता चमक कमी करायचा आणखी काही उपाय आहे का? नसेल तर चमकणारा ब्लेझर घालावा, की नुसत्या शर्ट-टायवर जावं?