टोमॅटोची रोपं माना टाकतायत, खत घालू का?

कोवळी_पालवी:
नमस्कार मंडळी, ट्रेमधे बियांपासून टोमॅटो आणि मिरची लावलीये. टोमॅटो आठवडाभरात छान उगवला, मिरचीचा अजून पत्ताच नाही. पण टोमॅटोची रोपं नुसती उंच होत चाललीत, देठ एकदम बारीक, आणि काही तर सरळ आडवीच झाली. ट्रे घरात खिडकीपाशी आहे, पाणी रोज घालतेय, माती सुकू देत नाही. खत कमी पडतंय का? आणि भेंडीची पण रोपं आधी ट्रेमधेच करायची असतात का?

मातीत_हात:
खत आत्ता अजिबात नको, खरी पानं (उगवताना येणाऱ्या पहिल्या दोन पानांनंतरची) फुटेपर्यंत बीमधली शिदोरी पुरते रोपाला. आधी एक आडवं पडलेलं रोप उचला आणि मातीला टेकतो तिथला देठ नीट बघा. तिथे पाणचट तपकिरी होऊन आवळल्यासारखा झाला असेल तर ती बुरशी आहे, रोपं कोलमडणे म्हणतात ते हेच. असं रोप वाचत नाही, आसपासच्या मातीसकट काढून टाका नाहीतर शेजारची पण जातील. देठ हिरवागार आणि टणक आहे पण लांबलाय, तर उजेड कमी पडतोय. पाणी वरची माती सुकली की मगच घाला, तेही ट्रे खालून पाण्यात ठेवून, वरची माती ओलसर दिसली की लगेच बाहेर काढायचा. आणि ट्रे उन्हात न्या पण एकदम दिवसभर नको, सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग रोज थोडं थोडं वाढवा.

वेलमांडव:
भेंडी थेट कुंडीत किंवा वाफ्यातच टोचा, तिचं सोटमूळ खोल जातं, हलवलेलं तिला सोसत नाही. गाजर मुळ्याचंही तेच. बी रात्रभर भिजवा, साधारण २ सेंमी खोल पेरा. मिरचीला धीर धरा, तिला ऊब लागते, २५ ते ३० अंशात बरी उगवते आणि गारवा असेल तर २-३ आठवडे पण घेते. बी उकरून बघू नका प्लीज!!

कोवळी_पालवी:
बघितलं, दोनतीन रोपं खाली तपकिरी होती ती काढली, बाकीची हिरवी आहेत पण खूपच लांबलीत. ती टाकून देऊ का?

मातीत_हात:
छे, टाकू नका! टोमॅटोच्या देठाला मातीत गेला की मुळं फुटतात, म्हणून ४-५ खरी पानं आली की मोठ्या कुंडीत लावताना खालची पानं खुडून देठ वरच्या पानांपर्यंत गाडा. उलट जोमदार होतं झाड. लावायचं संध्याकाळी, उन्हं उतरल्यावर, आणि धरायचं पानाला, देठाला नाही, पान तुटलं तर नवीन येतं पण देठ चेपला की संपलं.

वेलमांडव:
आणि भेंडी धरायला लागली की रोज नाहीतर एकाआड एक दिवस तोडा, फूल पडल्यावर ५-६ दिवसांत ती तोडायला येते. टोक वाकवून बघा, टचकन मोडलं तर कोवळी, नुसतंच वाकलं तर निबर झाली. निबर झालेली पण झाडावर ठेवू नका, बी धरायला लागलं की नवीन फुलं कमी होतात. बियाण्यासाठी हवी असेल तर शेवटी शेवटी एक चांगली शेंग झाडावरच वाळू द्या, फक्त पाकिटावर संकरित लिहिलेलं नसेल तरच, त्याचं बी पुढच्या वेळी तसंच्या तसं येत नाही.