मदत हवी आहे: बोकडाच्या वृषणात एलडीएच-सी४ चा पट्टा दिसत नाही

वारणाकाठ

एम.एस्सी. प्राणिशास्त्र, सांगली. प्रकल्प: शुक्रजननाच्या (शुक्रजंतू तयार होण्याच्या) कोणत्या टप्प्यावर कोणतं एन्झाइम दिसू लागतं. एलडीएच-सी४ म्हणजे लॅक्टेट डिहायड्रोजनेज (एलडीएच) या एन्झाइमचं वृषणातलं खास रूप. वृषणं मिरजेतल्या मटणवाल्याकडून, बर्फावर आणलेली. बोकड "चार महिन्यांचे असतील" एवढीच माहिती.

१० टक्के होमोजिनेट (वाटलेल्या ऊतीचा अर्क), ७.५ टक्के नेटिव्ह जेल (प्रथिनं न उलगडता वेगळी करणारं), रांगेत ८० मायक्रोग्रॅम प्रथिन. एलडीएच दाखवणाऱ्या लॅक्टेट-एनएडी-एनबीटी-पीएमएस मिश्रणाने रंगवल्यावर नुसता जांभळा फराटा. नेहमीचे पट्टे (एलडीएच-१ ते ५) कसेबसे ओळखू येतात, सी४ चा जादा पट्टा नाहीच. एलडीएच-५ ची खूण म्हणून त्याच बोकडाचं यकृत लावलं, त्यातही ५ नाही. पीजीके२ (साखर मोडून ऊर्जा काढणाऱ्या ग्लायकोलिसिसमधलं, वृषणातलं एन्झाइम) ची आरटी-पीसीआर, म्हणजे एमआरएनएची चाचणी, मात्र ठळक येते, पण वेस्टर्नमध्ये (अँटिबॉडीने प्रथिन शोधणाऱ्या चाचणीत) प्रथिन शून्य. रसायनं खराब आहेत का?

भिंगवाला

रसायनं खराब असती तर फराटासुद्धा आला नसता. नमुना फार झालाय. वृषणात एलडीएच भरपूर असतं. १० ते १५ मायक्रोग्रॅम लावा, जेल थंड ठेवून चालवा. नमुन्याच्या बफरमध्ये एसडीएस किंवा मरकॅप्टोइथेनॉल नको, उकळणंही नको. रंगासाठी ५० मिली ट्रिस (०.१ मोलर, पीएच ८.५), एनएडी २५ मिग्रॅ, एनबीटी १५ मिग्रॅ, १ मोलर सोडियम लॅक्टेट ५ मिली, पीएमएस १ मिग्रॅ, तेही अगदी शेवटी, कारण उजेडात ते लगेच बिघडतं. ३७ अंशांवर, अंधारात. दहा मिनिटांनी बघा आणि पट्टे उठले की थांबवा. लॅक्टेट न घालता एक पट्टी वेगळी रंगवा. तिच्यातही जे उठेल ते एलडीएच नव्हे.

यकृताचं म्हणाल, तर यकृत म्हणजे एलडीएच-५ हे पुस्तकातलं वाक्य माणसाचं आणि उंदराचं. गाय-मेंढीसारख्या रवंथ करणाऱ्यांच्या यकृतात १ कडचेच पट्टे जास्त असतात. ५ साठी मांडीचा स्नायू घ्या, १ साठी हृदय.

आणि सी४ जागेवरून ओळखू नका. ब्लँको आणि झिंकहॅम यांनी १९६३ मध्ये माणसाच्या वृषणात तो ३ आणि ४ च्या मध्ये दाखवला. प्राणी बदलला की जागा बदलते. खात्रीची खूण हवी तर अधिवृषणाच्या (वृषणाला चिकटलेल्या, शुक्रजंतू साठवणाऱ्या नळीच्या) शेपटीतले शुक्रजंतू सलाइनमध्ये धुऊन १ टक्का ट्रायटनमध्ये फोडा आणि शेजारच्या रांगेत लावा. शुक्रजंतूंत बहुतांश एलडीएच सी४ च असतं. दुसरी खूण: लॅक्टेटऐवजी २-हायड्रॉक्सिव्हॅलरेट. सी४ ते चांगलं वापरतं, बाकीचे फारसे नाही. हायड्रॉक्सिब्युटिरेटवर मात्र विसंबू नका, त्यावर एलडीएच-१ सुद्धा रंगतो.

आटपाडीकर

आधी जनावर बघा, मग जेल. विक्रेत्याने सांगितलेल्या महिन्यांना अर्थ नाही. दोन दाती बोकड मागा, म्हणजे वर्षाच्या पुढचा मिळतो. चिमट्याने खच्ची केलेल्या बोकडालाही वृषण असतंच, पण आखडलेलं आणि टणक. ते घेऊ नका.

दोन मिनिटांची चाचणी: अधिवृषणाची शेपटी कापायची, थेंबभर सलाइनमध्ये दाबायची, ४० च्या भिंगाखाली बघायची. शुक्रजंतू भरपूर दिसले तर आतमध्ये सगळे टप्पे आहेत. नसतील तर वृषणाचा पातळ तुकडा बुआँ द्रावणात २४ तास ठेवून छेद काढा. फॉर्मलिनमध्ये नळ्या आकसतात, केंद्रकं नीट कळत नाहीत आणि टप्पे ओळखताना भांडणं होतात. छेद वाचायला अडलं तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विचारून बघा, साताऱ्याच्या बाजूला तेच सोयीचं.

गुणसूत्र

पीजीके२ वर माझा संशय वेगळा आहे. या जनुकात इंट्रॉन (एमआरएनए बनताना कापून टाकले जाणारे तुकडे) नाहीत. एक्स गुणसूत्रावरच्या पीजीके१ च्या एमआरएनएची प्रत दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसली, तिचंच हे जनुक झालं. अर्धसूत्री विभाजनात एक्स बंद पडतो, मग ग्लायकोलिसिस चालू ठेवायला ही प्रत कामी येते. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की इंट्रॉन ओलांडणारे प्रायमर इथे करताच येत नाहीत, आणि आरएनएत थोडा जरी डीएनए राहिला तरी नेमक्या त्याच लांबीचा पट्टा येतो. डीएनएज (डीएनए तोडणारं एन्झाइम) लावा. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी प्रत्येक नमुन्यासोबत चालवा. तिच्यात पट्टा आला तर ती "ठळक पीसीआर" विसरा.

नळी स्वच्छ निघाली तर वेस्टर्नचं शून्यही खरं असू शकतं. एमआरएनए पॅकिटीन (अर्धसूत्री विभाजनातला आधीचा टप्पा) शुक्रपेशींत दिसतो, प्रथिन मात्र मुख्यतः पुढे, स्पर्माटिडमध्ये (विभाजन संपलेल्या, शुक्रजंतू होऊ घातलेल्या पेशींत). कोवळ्या बोकडात पॅकिटीनपर्यंत गाडी आली असेल, पुढे नसेल. मात्र मग एलडीएच-सी दिसायला हवं, ते पॅकिटीनमध्येच बनतं. म्हणून भिंगवाल्यांचं म्हणणं आधी तपासा. अँटिबॉडी पीजीके१ लाही चिकटते का हे स्नायूच्या नमुन्यावर बघा, दोन्ही प्रथिनं खूप सारखी आहेत.

वारणाकाठ

कळलं. वयानुसार तुलना करायची तर संदर्भ जनुक (ज्याच्याशी बाकीची ताडून बघायची ते स्थिर जनुक) म्हणून जीएपीडीएच चालेल ना?

गुणसूत्र

एकटं नको. स्पर्माटिडमध्ये त्याचं काम जीएपीडीएचएस हे त्याचं वृषणातलं भावंड घेतं, शिवाय जीएपीडीएच आणि बीटा-ॲक्टिन दोघांचीही छद्मजनुकं (निकामी प्रती) जीनोमभर पसरलेली. निदान तीन जनुकं घ्या आणि कोणतं स्थिर राहतं ते तुमच्याच नमुन्यांवर तपासा.

त्याहून मोठा घोळ पेशींच्या प्रमाणाचा. वृषण वाढतं तशा जंतुपेशी वाढतात आणि त्यांना पोसणाऱ्या सर्टोली पेशींचा वाटा घटतो. सर्टोलीतलं एन्झाइम दर मिलिग्रॅमला "कमी झालं" दिसतं, प्रत्यक्षात दर पेशीला तेवढंच असतं. म्हणून आकडा दर मिलिग्रॅम आणि दर वृषण, दोन्ही द्या. वृषणाचं वजन आवरण काढण्याआधीच घ्या, नंतर ते मिळत नाही. आरएनएचे तुकडे ५ मिमीपेक्षा जाड ठेवू नका, आरएनए-लेटर (आरएनए टिकवणारं द्रावण) आत झिरपत नाही.