बेस स्टाईल पक्की करायला दुसऱ्या मार्शल आर्ट्स शिकाव्यात का?

लांबपल्ला
माझं बेस, म्हणजे मूळ स्टाईल, शोतोकान कराटे. आणि मला अगदी मनापासून वाटतं की कराटे सुधारायचं असेल तर थोडं ज्युदो आणि थोडं बॉक्सिंग करायलाच हवं. स्टाईल सोडा असं म्हणत नाहीये हं. कातामध्ये (ठरलेल्या हालचालींच्या क्रमात) एक हात पुढे जातो तेव्हा दुसरा कमरेला ओढतो, का तर म्हणे ताकद येते, वर्षानुवर्षं एवढंच ऐकलेलं, पण ज्युदोत समोरच्याची बाही धरून त्याचा तोल ओढून काढला की लक्षात येतं की त्या हातात काहीतरी धरलेलं असू शकतं, मग तोच काता वेगळा वाटायला लागतो. बॉक्सिंगचंही तेच, आमच्या पॉइंट कुमितेत (गुणांच्या लढतीत) एक पंच नीट बसला की रेफ्री थांबवतो, त्यामुळे त्यानंतर उलटून काय येतं याची सवयच नसते. आणि शुद्ध शुद्ध काय करता, ज्युदोचे जनक कानो जिगोरोंनी १८८२ मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली ती जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेच्या दोन शाखा शिकूनच ना? शितो-र्यू ही कराटे शाखा काढणारे माबुनी तर इतोसू आणि हिगाओन्ना या दोन गुरूंकडे शिकले. वादो-र्यू ही कराटे शाखा काढणाऱ्या ओत्सुकांकडे आधी जुजुत्सू होतं, मग शोतोकान. कुठली स्टाईल आभाळातून पडली?

कातावेडा
नावं बरोबर आहेत पण ती माणसं बघा कोण होती. एकेका गुरूकडे मुरलेली. इथे ग्रीन बेल्टवाली मुलं सोमवारी कराटे, मंगळवारी किकबॉक्सिंग, शनिवारी बीजेजे (ब्राझिलियन जिउ-जित्सू, जमिनीवरची झटापट) करतात आणि कशातच धड उभं राहता येत नाही. बॉक्सिंगमध्ये खाली वाकून पंच चुकवायचा शिकवतात, तिथे ते योग्यच आहे कारण लाथ येणारच नसते, पण तीच सवय घेऊन लाथा चालतात तिथे वाकलात तर गुडघा थेट तोंडावर. पुढच्या पायावर वजन टाकून पंच मारायची सवय लागली की लो किक (पायावरची लाथ) अडवायला तो पाय वेळेत उचलला जात नाही. दबावाखाली शरीर विचार करत नाही, जे जास्त घोटलंय तेच बाहेर येतं, आणि दोन्ही अर्धवट घोटलं असेल तर दोन्हीच्या मधलं काहीतरी भलतंच येतं.

लांबपल्ला
@कातावेडा ग्रीन बेल्टबद्दल मान्य, मी ज्यांचा पाया बसलाय त्यांच्याबद्दलच बोलतोय. लिओतो माचिदा घ्या, लहानपणापासून वडिलांकडे शोतोकान, २००९ मध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेचा लाइट हेवीवेट चॅम्पियन. त्याने बीजेजे केलं, सुमोही केलं, पण त्याची फाइट बघितली तर लांब अंतर राखणं आणि संधी दिसली की एकदम आत घुसणं हे कराटेच आहे. पाडायला येणाऱ्याला अडवता येत होतं म्हणून ते अंतर टिकलं. नुसतं कराटे असतं तर पहिल्याच टेकडाउनला खेळ खलास.

मॅटवरचा
ज्युदोवाला बोलतोय, मला दोघांचंही अर्धंच पटलं. प्रश्न स्टाईलचा कमी आणि नियमांचा जास्त आहे. ज्युदोत पडलो की आम्ही पालथे होऊन आवळून बसतो कारण थोड्या वेळात रेफ्री "माते" (थांबा) म्हणून उभं करणार हे ठाऊक असतं. बीजेजेत असं बसलात तर समोरचा आरामात पाठीवर चढतो आणि गळा धरतो! स्पर्धेच्या ज्युदोत २०१० पासून पाय धरण्यावर निर्बंध यायला लागले आणि नंतर बंदीच आली, त्यामुळे नवीन पोरांना कोणी पाय धरला तर काय करायचं हेच सुचत नाही. मी कुस्तीवाल्यांकडे जातो ते नवीन डाव गोळा करायला नाही, नियमांनी माझ्या खेळातलं काय काढून घेतलंय ते परत मिळवायला. त्याने माझं ज्युदोच सुधारलं, ग्रिप तुटली की घाबरणं कमी झालं.

नवाभिडू
क्योकुशिन कराटेमध्ये आहे, ब्राऊन बेल्ट. आमच्या नॉकडाउन नियमात डोक्यावर पंच नाही म्हणून हात खालीच राहतात, सर म्हणतात बॉक्सिंग नको, सवयी बिघडतील. आठवड्यात मोजकेच दिवस मिळतात. काय करू?

लांबपल्ला
बॉक्सिंग कर. जवळच्या अंतरावर उभं राहून चेहरा उघडा ठेवायची सवय ही आत्ताच बिघडलेली सवय आहे. पण सगळं शिकत बसू नकोस, फक्त गार्ड (चेहऱ्यापुढे हात), जॅब (पुढच्या हाताचा सरळ पंच) आणि जॅब येताना डोकं हलवणं, आणि ते दोजोत (कराटेच्या वर्गात) येऊन लाथांसकट स्पारिंगमध्ये वापरून बघ, जिथे लाथेने फटका बसतो तिथलं सोडून दे. आणि सरांना सांगून जा, लपवून नको.

कातावेडा
सांगून जा हे बरोबर. पण @नवाभिडू, स्पर्धा जवळ असेल तर आत्ता अजिबात नको. हात वर धरायची सवय लागली की कोपरं वर येतात, बरगड्या उघड्या पडतात, आणि नॉकडाउनमध्ये बहुतेक मारा छाती, पोट आणि मांड्यांवर असतो. स्पर्धा होऊ दे, मग लांबपल्ला म्हणतात तसं करून बघ. मॅटवरचा यांचा नियमांचा मुद्दा मला पटला, पण "सुधारलं" हे ज्युदोच्या मॅटवर ज्युदोवाल्यांशी खेळून ठरवलंत की कुस्तीवाल्यांशी? ते सांगा, कारण माझा सगळा आक्षेप तिथेच आहे.

मॅटवरचा
ज्युदोवाल्यांशीच. आधी ज्यांच्याकडून पडायचो त्यांच्याशी रांदोरीत (मोकळ्या सराव-लढतीत).